कोहळ्यातलं कुंकू आणि पांढरी व्हॅन

कोहळा मीच फोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर आमच्या गल्लीत निष्कारण तीन वेगवेगळ्या माणसांची नावं घेतली गेली.

शुक्रवार होता. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. गिरिजाक्काच्या दारात तिची पांढरी व्हॅन उभी होती आणि व्हॅनच्या डाव्या अंगावर, मी आदल्या संध्याकाळी सोलून काढलेली तमिळ अक्षरं लाल रंगात परत आली होती. कडा थोड्या फुगलेल्या, पण चष्मा न लावता वाचता येतील अशी. पहिली ओळ, 'अंतिम यात्रा वाहन'. दुसरी, 'चोवीस तास सेवा'. तिसरी, 'फ्रीझर बॉक्स मिळेल'.

आणि पावणेदहाला लग्नाच्या जेवणाचं ठरवायला माणसं यायची होती.

मी राघवेंद्र राव. कुंभकोणमला माझं स्टिकर कटिंगचं दुकान आहे. आधी ब्रशनं बोर्ड रंगवायचो, मग प्लॉटर घेतला. मागे गोंद असलेलं पातळ रंगीत प्लास्टिक येतं, त्याला व्हिनाइल म्हणतात. प्लॉटर हे त्यातून अक्षरं कापणारं मशीन. दुकानांची नावं, बसवरचे रूट, गोविंदपुरम्‌च्या भजनाचे बोर्ड, सगळं करतो. लावतोही मी आणि जुनं झालं की काढतोही मीच. काढायचं काम कुणाला नको असतं, म्हणून ते माझ्याकडे येतं.

आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि परत गेलेच नाहीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझी सून सोलापूरची. आमची मराठी ऐकून ती पहिले सहा महिने तोंड फिरवून हसायची. हे लिखाण तिनंच सरळ करून दिलं आहे. मी जिथे जिथे चिडलोय तिथे मात्र तिला हात लावू दिलेला नाही.

गिरिजाक्का आमच्यातलीच, लांबच्या नात्यातली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. स्वयंपाक हा तिचा धंदा. तेवीस वर्षं तिनं एका कंत्राटदाराच्या हाताखाली काम केलं. तो लग्नंही घ्यायचा आणि तेरावेही. लग्नाला पुरुष आचारी पाठवायचा, तेराव्याला अक्काला. तेराव्या दिवशी घरात पुन्हा गोडाचं जेवण होतं, वडे तळतात, पायसम करतात. ते करणारं माणूस तर लागतंच. पण ते करणाऱ्या माणसाला लग्नाला कुणी बोलवत नाही. तोंडावर कुणी वाईट बोलत नाही हो, सगळे गोडच बोलतात. फक्त बोलवत नाहीत.

यंदा तिनं कंत्राटदाराला नमस्कार केला आणि स्वतःचं काम सुरू केलं. गाडी हवी होती. तेवीस वर्षांत तिच्या ज्या ओळखी झाल्या होत्या त्यातूनच मिळाली. तिरुप्पनंदाळकडे शववाहिका चालवणारा एक माणूस आहे. त्यानं नवी व्हॅन घेतली आणि जुनी अक्काला स्वस्तात दिली.

"इंजिन नव्यासारखं आहे," तो म्हणाला. "ही गाडी कधी जोरात पळवलेलीच नाही."

ते खरं असणार.

गाडी गुरुवारी संध्याकाळी चारला माझ्यासमोर आली. मी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "अक्का, दोन दिवस लागतील."

"राघू, उद्या सकाळी माणसं येणार आहेत."

"परवा बोलव."

"उद्या पावणेदहाला येणार आणि साडेदहाच्या आत ठरवणार."

साडेदहाचं कारण मला विचारावं लागलं नाही. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. रोजच असा दीड तास अशुभ असतो, वारानुसार वेळ बदलते. त्या दीड तासात आमच्या गावात कुणी नवी सायकलसुद्धा घेत नाही, लग्नाचा आचारी कुठला ठरवणार?

येणारे होते पापनाशमचे वैद्यनाथन्, निवृत्त बँक मॅनेजर. मुलीचं लग्न होतं. त्यांनी कुठेतरी अक्काच्या हातचा वडा खाल्ला होता म्हणे. कुठे ते त्यांना आठवत नव्हतं. अक्काला चांगलं आठवत होतं. त्यांच्या काकांच्या तेराव्याला. ती फोनवर काही बोलली नव्हती.

"हे लग्न मिळालं तर पुढची मिळतील," अक्का म्हणाली. "आणि गाडीवर हे दिसलं, तर मी परत जिथली तिथे. त्यानंतर मला लग्नाला कोण विचारतंय?"

मी हीटगन काढली.

आता काम कसं असतं ते सांगतो. हीटगन म्हणजे केस वाळवायच्या ड्रायरचा थोरला भाऊ. गरम हवा दिली की व्हिनाइल मऊ होतं. मग नखानं कोपरा उचलायचा आणि मागे दुमडून, हळूहळू ओढायचं. घाई केली की तुटतं. नवं स्टिकर अख्खं निघतं. हे आठ वर्षं उन्हात करपलं होतं, त्यामुळे नखाएवढे तुकडे पडत होते. प्लास्टिक निघालं तरी गोंद मागे राहतो. त्यावर टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा, थांबायचं, पुसायचं, पुन्हा फिरवायचं. थिनर वापरायचा नाही. कंपनीतून आलेला रंग भट्टीत भाजलेला असतो, तो थिनरला दाद देत नाही. पण ही बाजू कधीतरी ठोकून गावातच रंगवली होती, आणि गावातला रंग थिनर लागला की विरघळतो.

सगळ्यात शेवटी साबणाचं कोमट पाणी आणि स्वच्छ फडकं. ही पायरी सोडायची नाही. कारण पांढऱ्या रंगावर गोंद डोळ्यांना दिसत नाही, तो तळहाताला कळतो. आणि टर्पेंटाइनचा ओशटपणा असेपर्यंत तळहातालाही कळत नाही. रात्रीतून टर्पेंटाइन उडतं, सकाळी ऊन लागतं आणि गोंद पुन्हा चिकट होतो. हे मला माहीत होतं. पहिलं स्टिकर काढलं तेव्हापासून माहीत होतं.

साडेसहाला अंधार पडू लागला. पहिली ओळ मी नीट पुसली होती, निदान तळहाताला तसं वाटलं. खालच्या दोन ओळींवर नुसता हात फिरवला. साबणाचं पाणी सकाळी करू म्हटलं आणि घरी गेलो.

सकाळी बादली घेऊन पोहोचलो तर अक्का रेशमी साडी नेसून दारात उभी. रांगोळी झालेली, गाडीला हार घातलेला, हळद लावलेली लिंबं चाकांखाली ठेवलेली. गाडीची बाजू उन्हात चकाकत होती.

"झालं ना रे काम?" तिनं विचारलं. चेहरा असा फुललेला की मला बादलीचं नाव काढवेना.

"झालं," मी म्हणालो. हीच ती चूक. बाकीचं सगळं त्यातून निघालं.

नवी गाडी घेतली की आमच्याकडे कोहळा ओवाळतात. कोहळ्याला वरून भोक पाडायचं, आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, गाडीभोवती ओवाळायचा आणि आपटून फोडायचा. दृष्ट निघते. कोहळा पुरुष माणसानं फोडायचा असतो. ड्रायव्हर सेल्वम दूध आणायला गेला होता, गाडीची किल्ली खिशात घालून. राहिलो मी.

खरं तर कोहळा गाडीच्या पुढे फोडतात. पण गल्ली अरुंद आणि गाडीचं नाक समोरच्या भिंतीला जवळजवळ टेकलेलं. म्हणून मी तो डाव्या बाजूला आपटला, जरा जोरातच. कुंकू भरताना अक्कानं हात आखडता घेतला नव्हता. फट् करून आवाज झाला आणि लाल ढग उठला, तो थेट गाडीच्या अंगावर बसला. बाजू अख्खी गुलाबी झाली.

"शुभ शकुन!" अक्का हसली.

मी कोरडं फडकं घेतलं आणि झटकायला लागलो. सुटं कुंकू खाली पडलं. जे गोंदाला धरून बसलं होतं, ते बसूनच राहिलं. एका फटकाऱ्यात 'यात्रा' दिसायला लागलं. माझा हात तिथेच थांबला. पण अक्कानं शेजारचं फडकं उचललं आणि ती पुसतच सुटली, तिसऱ्या ओळीतल्या 'फ्रीझर बॉक्स'पर्यंत.

मग तिनं फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गाडी उलटी लावू," मी म्हणालो.

"किल्ली सेल्वमकडे आहे."

"केळीची पानं टांगू."

"लग्नाची माणसं पानंच तर आधी बघतात, राघू. उचलून बघतील."

घाबरला की माणूस काय करतो? नको तेच करतो. मी पिशवीतून थिनर काढला. फडक्याच्या टोकाला थेंबभर घेऊन 'फ्रीझर'च्या खालच्या कडेला लावला. कुंकू विरघळलं. बाजारातलं स्वस्त कुंकू म्हणजे निव्वळ रंग. तो गुलाबी ओघळ दाराच्या फटीपर्यंत गेला आणि जिथे लावलं तिथला रंग मऊ पडून निस्तेज झाला. डब्याचं झाकण मी ताबडतोब लावलं. टर्पेंटाइननंही तेच झालं असतं, कुंकू पसरलं असतं. पाणी तर नकोच. म्हणजे ओलं काहीच चालणार नव्हतं आणि कोरडं फडकं हरलं होतं. इतकी वर्षं धंदा करून मी रस्त्यात हात बांधल्यासारखा उभा होतो.

अक्का आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन बाहेर आली.

"हे काय?"

"हाताला कणीक चिकटली की कशानं काढतोस?"

"मी कुठे कणीक मळतो?"

"म्हणून तर कळत नाही तुला. कोरडं पीठ लावून चोळायचं. पाणी लावलंस की आणखी चिकटते."

तिनं मूठभर पीठ अक्षरांवर थापलं आणि तळहातानं जोर लावून, गोल गोल चोळायला लागली. चोळण्यानं गोंद गरम झाला, पिठानं त्याचा चिकटपणा खाल्ला आणि गुलाबी शेवया होऊन तो खाली गळायला लागला. खाली पांढरा रंग, ओरखडासुद्धा नाही. मी बघतच राहिलो. खरं सांगतो, मला आधी रागच आला, इतकं सोपं मला का सुचलं नाही याचा. मग मीही मूठ भरली.

आम्ही वरून सुरुवात केली. 'अंतिम यात्रा' आधी जायला हवं, हे न बोलता ठरलं. ती डावीकडून, मी उजवीकडून. रेशमी साडी पिठानं माखली. पहिली ओळ गेली. दुसरी निम्मी गेली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. दहाला पाच कमी होते. माणसं दहा मिनिटं उशिरा आली होती आणि तरीही आम्हांला ती पुरली नव्हती.

मी मराठीत कुजबुजलो. गावात मराठीचा मुख्य उपयोग हाच. "अक्का, आइस्क्रीमचा फ्रीझर म्हणून सांगू या."

"ह्या जिल्ह्यात फ्रीझर बॉक्स कशासाठी भाड्यानं आणतात ते शाळेतल्या पोराला माहीत आहे," ती चोळता चोळता म्हणाली. बरोबरच होतं. परदेशातली मुलं येईपर्यंत घरात देह ठेवायला जी थंड काचेची पेटी आणतात, ती ही.

वैद्यनाथन् उतरले. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कपाळावर गंध, हातात डायरी. गाडीत मागे त्यांची म्हातारी आई बसली होती, काच खाली करून. वैद्यनाथन् आधी हसले, मग त्यांची नजर गाडीवर गेली. उरलेली दीड ओळ त्यांनी वाचली. ओठ हलले ते मला दिसले.

"मामी, हे काय आहे?" इकडे पोक्त बाईला सगळे मामीच म्हणतात.

मी तोंड उघडलं. अक्कानं पिठानं भरलेला हात वर केला आणि मला गप्प केलं.

"सार, ही गाडी आधी शववाहिका होती," ती म्हणाली. आवाज सरळ होता, वर केलेल्या बोटांवरून पीठ गळत होतं. "मी तेवीस वर्षं तेराव्याचा स्वयंपाक केला. माझा वडा तुम्ही खाल्लात, तो तुमच्या काकांच्या तेराव्याला. लग्नाचं हे माझं पहिलंच काम आहे. हे फोनवरच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

वैद्यनाथन्‌नी डायरी उघडली, मिटली, घड्याळ बघितलं. माणूस वाईट नव्हता. तो फक्त घरी जाऊन काय सांगायचं याचा विचार करत होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"मामी, तुमच्या हाताबद्दल काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण लग्नघर आहे. चार लोक..."

"दार उघड," गाडीतून आवाज आला.

आई उतरल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. सगळे जिला पाट्टी म्हणजे आजी म्हणतात, तशाच. त्या कुणाशी न बोलता व्हॅनपाशी आल्या. 'फ्रीझर'वरून एक बोट फिरवलं, बोटाला लागलेलं लाल बघितलं. खाली पडलेल्या कोहळ्याच्या फोडी बघितल्या.

"फोडला कुणी?"

"मी," मी म्हणालो.

"बाजूला फोडतात होय?"

मी मान खाली घातली.

"वैद्या," त्या मुलाला म्हणाल्या, "त्या तेराव्याला तू सात वडे खाल्लेस. आठवा मागितलास, तेव्हा संपले होते."

"अम्मा!"

"मी तीन खाल्ले. एरवी मला एक जात नाही. दीर माझा नावडता नव्हता. दहा-बारा दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता." मग त्या अक्काकडे वळल्या. "त्या दिवशी जिनं मला पोटभर जेवायला लावलं, तिला लग्नातल्या भुकेल्या माणसांना वाढायला काय कठीण जाणार आहे?"

अक्कानं पदर तोंडाला लावला. तोंडाला पीठ लागलं.

वैद्यनाथन् खिशात पेन शोधू लागले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण गाडी मंडपाच्या मागच्या दारानं आणा. कुणी ओळखायला नको."

"सार," अक्का म्हणाली, "मागच्या दारानं मी तेवीस वर्षं गेले."

त्यांनी आईकडे बघितलं. आई काठीनं कोहळ्याची फोड बाजूला सारत होत्या. "पुढच्या," त्या म्हणाल्या. "आणि साडेदहा होतील. तांबूल आण."

तांबूल म्हणजे पान-सुपारी. ती दिली-घेतली की बोलणं पक्कं. दहा वाजून सव्वीस मिनिटांनी पिठाच्या हातानंच पक्कं झालं. सेल्वम दूध घेऊन आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. त्याला वाटलं राहुकाळात ठरवलं, म्हणून तोच सगळ्यांवर चिडला.

बारापर्यंत मी गाडीला हात लावला नाही. बारानंतर उरलेली दीड ओळ पिठानं काढली, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग फडकं. तळहात तीनदा फिरवला. थिनरनं खराब केलेला कोपरा रंगवून दिला, त्याबद्दल अक्काशी बोलणं नको म्हणून तिचं लक्ष नसताना.

तरी अक्षरांची सावली राहिलीच. स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, म्हणून भोवतालपेक्षा तो पांढरा दिसतो. तिरक्या उन्हात वाचता येतं. पॉलिश मारून कमी होतं, पण पूर्ण जात नाही. त्यावर उपाय एकच, वर दुसरी अक्षरं बसवायची. मी अक्काला कागदावर डिझाइन काढून दाखवलं. वर मोठ्या अक्षरांत तिचं नाव, खाली 'लग्न, मुंज'.

"'तेरावा' पण लिही," ती म्हणाली.

"अक्का! आज सकाळी एवढं रामायण झालं ते कशासाठी?"

"ते काम मी सोडलेलं नाही. त्या दिवशीही लोकांना जेवावं लागतं."

"पण गाडी लग्नाला जाणार."

"पुढच्या दारानं जाणार. लिही."

लिहिलं. तिन्ही शब्द एकाच आकारात, तिनं मापून घेतले. नाव बसवून झाल्यावर ती जवळ आली, अक्षरांवरून हात फिरवला. तेवीस वर्षांत कुठल्याच भांड्यावरसुद्धा तिचं नाव नव्हतं, सगळ्यांवर कंत्राटदाराचं. मग ती आत गेली आणि उरलेल्या कुंकवाची वाटी घेऊन आली. मी नको नको म्हणत असताना तिनं मूठभर कुंकू दारावर भिरकावलं.

सगळं खाली पडलं. एक कणही राहिला नाही.

"आता झालं काम," ती म्हणाली.

लग्न झालं. वडे कमी पडले नाहीत. वैद्यनाथन्‌नी किती खाल्ले ते मी मोजलं नाही, त्यांच्या आईनं मोजले.

तेव्हापासून माझ्या पिशवीत हीटगन, टर्पेंटाइन आणि एक डबा तांदळाचं पीठ असतं. आणि एक कुंकवाची पुडी. गाडी धुऊन झाली की गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी मी चिमूटभर कुंकू तिच्या अंगावर टाकतो आणि वाकून बघतो. गिऱ्हाइकांना वाटतं, राव सार फार देवभोळे आहेत. काही जण चपला काढून बाजूला उभे राहतात.